मेनॉमिनीला एक जहाज होतं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या डोअर काउंटीची पानगळ सुंदर होती, आणि ऑक्टोबरच्या शनिवारी तिथे जी गर्दी होते ती मला अजिबात सोसत नाही. मेपलची लाल पानं बघायला लोक तासतासभर गाडीत बसतात. ताई-जिजूंना तिथेच राहायचं होतं. मी मात्र लेक मिशिगनच्या ग्रीन बे या खाडीला वळसा घालून पलीकडे, मिशिगनमधल्या मेनॉमिनीला गेले. आता तिथे नसलेल्या एका जहाजासाठी.

‘अ‍ॅल्विन क्लार्क’ हे दोन डोलकाठ्यांचं छोटं मालवाहू गलबत. १८४०च्या दशकात ते डेट्रॉइटजवळच्या ट्रेंटनला बांधलं गेलं. रेल्वे सगळीकडे पोचण्याआधी या महासरोवरांवरचा माल अशीच गलबतं वाहायची. २९ जून १८६४ रोजी ते रिकामंच ओकोंटो बंदराकडे लाकूड भरायला निघालं होतं. तळाची साफसफाई चालू असल्यामुळे हॅच, म्हणजे डेकवरची माल उतरवायची तोंडं, उघडे होते. याच खाडीतल्या चेंबर्स बेटाजवळ अचानक वादळी वारा आला, गलबत कलंडलं, उघड्या हॅचमधून पाणी आत घुसलं. कप्तानासह तिघे बुडाले, दोघे वाचले.

मग शंभर वर्षं काहीच नाही. १९६७ मध्ये एका मच्छीमाराचं जाळं तळाशी कशात तरी अडकलं. ते सोडवायला फ्रँक हॉफमन नावाचा पाणबुड्या उतरला आणि शंभरेक फूट खोल त्याला हे गलबत सापडलं, जवळजवळ धडधाकट. आम्हा कोकणातल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे खाऱ्या पाण्यात पडलेलं लाकूड किडा पोखरून संपवतो. पण सरोवराच्या गोड्या पाण्यात तो किडा नाही, आणि तळाशी बाराही महिने थंडी. आत खलाशांची हत्यारं होती, रोजच्या वापरातल्या वस्तू होत्या, चीजची बरणीसुद्धा होती. १९६९ मध्ये गलबत वर काढलं, पाणी उपसलं, आणि १०५ वर्षांनी ते स्वतःच्या बुडावर तरंगलं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्याला पाण्याने नाही, हवेने मारलं. इतकी वर्षं पाणी प्यायलेलं लाकूड उघड्यावर सुकलं की आकसतं, तडकतं, मग कुजायला लागतं. स्वीडनमध्ये १६२८ साली बुडालेलं ‘वासा’ १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा त्यावर पाण्याच्या जागी लाकडात मुरेल असं रसायन सतरा वर्षं फवारत होते. मागे अख्खा देश उभा होता. इथे हॉफमन, त्याचे हौशी सोबती आणि मेनॉमिनीत गलबत बघायला येणाऱ्यांच्या तिकिटाचे पैसे. जतनासाठी लागणारा पैसा कधी उभाच राहिला नाही. १९९४ मध्ये उरलेला सांगाडा मोडून टाकला.

धक्क्यावर लाल दीपगृहाच्या बाजूला एका बाकावर एक आजोबा बसले होते. मी जहाजाचं नाव काढलं मात्र, त्यांनी सरकून मला जागा दिली. दर उन्हाळ्यात ते तिकीट काढून डेकवर जायचे म्हणे. “पहिल्या वर्षी फळ्या घट्ट होत्या,” ते म्हणाले, “नंतर हे असं.” त्यांनी बाकाच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत तळहात उभा घातला आणि थेट अंगठ्यापर्यंत आत नेला. हात तसाच ठेवून ते पुढे बोलत राहिले: उन्हात तापलेल्या लाकडाचा वास, पावसानंतर खालून येणारा कुबट वास.

मी म्हटलं, वर काढायलाच नको होतं. त्यांना ते आवडलं नाही. “मग मी त्यावर उभा कसा राहिलो असतो?”

यावर मला बोलता आलं नाही, पण माझं मत बदललेलंही नाही. आता अमेरिकेत अशी जहाजं सहसा तळाशीच राहू देतात. विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यालगत सरोवराचा मोठा पट्टा २०२१ मध्ये बुडालेल्या जहाजांसाठी राखीव झाला, हे फार चांगलं झालं. फक्त खाली ठेवली म्हणजे ती सुरक्षित, असंही आता उरलेलं नाही. परदेशी मालवाहू जहाजं तोल सांभाळायला पोटात जे पाणी भरतात त्यातून क्वागा शिंपले या सरोवरांत आले आणि लेक मिशिगनच्या तळाला त्यांनी नुसते थर चढवलेत. लाकडावर, लोखंडी खिळ्यांवर, कोरीव नावांवर, सगळीकडे. ते खरवडायला गेलं तर खालचं लाकूडही निघतं. म्हणून पुरातत्त्ववाले पाणबुडे सध्या जमेल तेवढ्या जहाजांची मापं आणि फोटो घेत सुटलेत. सरकारने पैसा ओतायचा तर तो आधी या कामात ओतावा असं मला मनापासून वाटतं. आणि कुणाला एखादं जहाज वर काढायचंच असेल, तर ते ठेवायची टाकी आणि पुढच्या वीस वर्षांचा खर्च आधी दाखवावा, मगच दोर बांधावेत.