चार इंग्रजी शब्द आणि आपलं एकच 'राज्य केलं'

गेल्या आठवड्यात राजेशाहीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करत होते. पहिल्या दोन पानांतच रूल, रेन, गव्हर्न आणि डॉमिनेट असे चार शब्द आले आणि चारही ठिकाणी माझ्या हातून 'राज्य केलं' असंच लिहिलं गेलं. परत वाचताना ते खूप खटकलं, कारण लेखकाने चार वेगळे शब्द उगाच वापरलेले नसतात ना. मग डिक्शनरी उघडून बसले आणि दोन दिवस त्यातच गेले.

रेन घ्या आधी. म्हणजे स्पेलिंगमध्ये जी असलेला रेन (reign), पावसाचा नाही आणि घोड्याच्या लगामाचाही नाही (फ्री रेन मधला रेन लगामाचा, सैल सोडलेला, पण इंग्रजीवाले पण तिथे बऱ्याचदा राजाचा रेन लिहून मोकळे होतात). रेन म्हणजे गादीवर असणं, बस. दुसरी एलिझाबेथ १९५२ पासून २०२२ पर्यंत, ७० वर्षं राणी होती, तो सगळा तिचा रेन, पण त्या काळात कारभार केला तो एकामागून एक आलेल्या १५ पंतप्रधानांनी. म्हणजे तिच्याबद्दल 'तिने ७० वर्षं राज्य केलं' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार सगळे निर्णय तीच घेत होती. 'गादीवर होती' हेच बरोबर.

गव्हर्न म्हणजे तो कारभार. हा मूळचा ग्रीक खलाशांचा शब्द, जहाजाचं सुकाणू धरणं, तिथून लॅटिनमध्ये गेला आणि मग इंग्रजीत. गंमत म्हणजे नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये यंत्रं आणि प्राणी यांच्यातल्या नियंत्रणाच्या आपल्या नव्या शास्त्राला सायबरनेटिक्स नाव दिलं ते त्याच ग्रीक शब्दावरून, म्हणजे सायबर क्राइम मधला सायबर आणि गव्हर्नमेंट एकाच होडीतून आलेत! आपलं सरकार फारसीतून आलं, सर म्हणजे डोकं आणि कार म्हणजे काम, म्हणजे तिकडे हात सुकाणूवर आणि इकडे कामावर देखरेख करणारं डोकं. मला सुकाणूच जास्त आवडलं, कारण सुकाणू धरणारा पण त्याच जहाजात असतो.

रूल आणि रेघा मारायची रूळपट्टी, ज्याला रूलर म्हणतात, एकच शब्द आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. लॅटिन रेग्युला म्हणजे सरळ पट्टी. त्याच धातूतून रेक्स म्हणजे राजा, शिवाय रीजन, रेजिमेंट, करेक्ट, डायरेक्ट, आणि संस्कृतातला ऋजु पण त्याच घरातला, आणि बरेच अभ्यासक आपला राजा पण तिथेच नेऊन बसवतात. म्हणजे राज्य करणं हे मुळात सरळ रेघ आखणं.

आणि मग डॉमिनेट. लॅटिनमध्ये डोमुस म्हणजे घर, डोमिनुस म्हणजे घराचा धनी. सगळी दादागिरी घरातून सुरू झाली असं म्हणायचं का? डेंजर हा शब्दही याच कुळातला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता, म्हणजे त्याच्या तावडीत असणं हाच धोका. ग्रीकांचा डेस्पॉट पण घराचा मालकच, आणि तो आपल्या दंपतीचा सख्खा भाऊ, कारण वेदात दंपती म्हणजे घराचा स्वामी, नवरा-बायको हा अर्थ त्याच्या द्विवचनातून आला. एकाच मुळातून एकीकडे जुलमी राजा निघाला आणि दुसरीकडे लग्नपत्रिकेतला शब्द, मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते.

अथॉरिटी मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा वाटला मला, आणि जास्त जवळचा. तो ऑथरचा नातलग आहे, मूळ धातूचा अर्थ वाढवणं. प्राचीन रोममध्ये सिनेटकडे, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींच्या सभेकडे, अथॉरिटी होती, हुकूम सोडायची ताकद अधिकाऱ्यांकडे होती, सिनेट फक्त सल्ला द्यायची पण तो सल्ला डावलणं सोपं नव्हतं. आपल्याकडे पण हे आहे की, 'त्यांचा त्या विषयात अधिकार आहे' म्हणतो तेव्हा त्या माणसाकडे खुर्ची असेलच असं नाही. म्हणून ऑथॉरिटेटिव्हला अधिकारवाणी हा शब्द चपखल बसतो, आणि ऑथॉरिटेरियनला नाही, तिथे हुकूमशाहीच लिहायला हवं. हे दोन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात आणि अर्थ पार उलटा होतो, याचा मला खूप त्रास होतो.

(लॉर्ड राहिलाच, त्याचा जुना अर्थ पावाची राखण करणारा आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी.)

तर आता रेनच्या जागी 'गादीवर होता', गव्हर्नच्या जागी 'कारभार केला', रूल तेवढा 'राज्य केलं' राहिला. डॉमिनेटला आधी 'वर्चस्व गाजवलं' लिहिलं होतं, पण वर्चस् म्हणजे तेज, आणि त्या वाक्यातल्या राजाने शेजारच्या लोकांना नुसतं भीतीने दाबून ठेवलं होतं, त्यात तेज कुठलं? 'दाबून ठेवलं' असंच केलंय सध्या.