हायलाईन

नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये सकाळी सातपासून लघवीच्या डब्या येऊन पडतात. मशीन आहे, पण हायलाईन कास्ट, म्हणजे लघवीतले काचेसारखे बारीक साचे, त्याच्याकडून बरेचदा निसटतात. नव्या पोरांकडूनही. भगभगीत उजेडात स्लाइड बघायची आणि 'निल' लिहून मोकळं व्हायचं! सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर, म्हणजे स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग, खाली घ्या, उजेड मंद करा, १०च्या लेन्सवर कव्हरस्लिपच्या कडेकडेने फिरा, मग पाण्यात बुडालेल्या काचेच्या कांडीसारखं काहीतरी जाणवतं. मूत्रपिंडाच्या नलिकेत प्रथिन थिजतं आणि नलिकेचाच आकार घेऊन बाहेर पडतं. ग्रीकमध्ये काच म्हणजे ह्यालोस, म्हणून हायलाईन. एखाददुसरा धडधाकट माणसातही सापडतो. व्यायाम, ताप, पाणी कमी पिणं, यांनी वाढतात. नमुना शिळा झाला की विरघळूनही जातात.

त्या दिवशी एका काकांच्या नमुन्यात ३-४ सापडले. मी ऐटीत रिपोर्टात लिहिले. संध्याकाळी काकू काउंटरवर आल्या, बोट नेमकं त्याच शब्दावर.

"हे ह्यांच्याकडून बाळाला गेलं का हो?"

लेक सातव्या महिन्यातच बाळंत झालेली, नात काचेच्या पेटीत. तिथले डॉक्टर राउंडला 'हायलाईन मेम्ब्रेन' म्हणून पुढे गेले होते. दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

आम्ही रिपोर्ट समजावायचा नसतो. 'डॉक्टरांना विचारा' हे आमचं ठरलेलं उत्तर. ते तोंडातून निघेना. विचारलं तर कळलं, काका पहाटे येऊरचा डोंगर चढून, पाण्याचा घोटही न घेता थेट नमुना द्यायला आले होते. फ्रिजमधली डबी काढली, स्लाइड केली, दहा मिनिटांनी एक कास्ट हाती लागला. काकूंना स्टुलावर बसवलं.

"काहीच दिसत नाही."

उजेड आणखी कमी केला. "अगंबाई, काच!"

"तेवढंच. काचेसारखं दिसतं म्हणून नाव एक. बाळाचं वेगळं, याचा त्याच्याशी संबंध नाही."

वेगळं म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारं सरफॅक्टंट कमी पडतं, त्या पिशव्या मिटतात, आत झिरपलेल्या प्रथिनांचा आणि मेलेल्या पेशींचा थर बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तोही काचेसारखाच दिसतो. १९६३ साली अध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने गेला, दोन दिवसांचाही झाला नव्हता. आता नळीतून सरफॅक्टंट देता येतं, पुष्कळ बाळं वाचतात. हेसुद्धा बोलले नाही.

काकूंनी पायरीवरूनच लेकीला फोन लावला. "अगं, घाबरू नकोस. नुसतं काचेसारखं दिसतं म्हणून तसं म्हणतात, बाकी काही नसतं!"

मी काउंटरच्या आतच उभी. काकू रिक्षात बसेपर्यंत हाक मारता आली असती.