देवाच्या उजवीकडे हाडामांसाचा माणूस

यंदा, २०२६ मध्ये, प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस १४ मे रोजी आहे. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारपासून मोजला की हा चाळिसावा दिवस, म्हणून दरवर्षी गुरुवारच येतो. आमच्या नंदुरबारकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तो कधी येतो नि कधी जातो, कळतसुद्धा नाही. नाताळात घरोघर कॅरोल, गुड फ्रायडेला भर दुपारी वधस्तंभावरच्या सात वचनांवर संदेश, ईस्टरला पहाटेची उपासना, आणि मग एकदम पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण. मधला हा गुरुवार मे महिन्याच्या उन्हात सापडतो. पारा चव्वेचाळीसवर, लग्नांच्या तिथी एकावर एक, गुजरातेतून ऊसतोडीवरून परतलेली माणसं पावसाआधी कौलं चाळण्यात गुंतलेली. आठवड्याच्या मधल्या वारी उपासनेला कोण येणार, हे पाळकांचं म्हणणं मला कळतं. तरी या दिवसाकडे पाठ फिरवून आपण फार मोठं काही गमावतो असं मला वाटतं. मी नर्स होते, सगळी नोकरी वॉर्डात गेली. शरीर बाजूला ठेवून देवाचा विचार करणं मला जमत नाही, आणि स्वर्गारोहणाचा सण तर मला शरीराचाच सण वाटतो.

आमच्या बायबल अभ्यासात मागे लूकच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय चालू होता. येशू शिष्यांना बेथानीपर्यंत घेऊन जातो, हात वर करून त्यांना आशीर्वाद देतो, आशीर्वाद देता देताच त्यांच्यापासून वेगळा होतो आणि वर घेतला जातो. आणि ते मोठ्या आनंदाने यरुशलेमेला परत येतात. इथे साक्रीकडच्या एक मावशी मध्येच बोलल्या, “तो तं चालना गया, मंग ह्या लोकेसले आनंद कसाना झाया?”

कोणी हसलं नाही. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला निरोप म्हणजे काय ते ठाऊक होतं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, गोधड्या, कोयते भरले जातात, आणि शाळेतली पोरं आजीजवळ ठेवून आईबाप बारडोलीच्या बाजूला निघतात. ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर आनंदाने घरी परतलेली आजी आमच्यात कोणी पाहिलेली नाही. हे शिष्य काही वेगळ्या मातीचे नव्हते. योहानाच्या सोळाव्या अध्यायात येशू ‘मी जातो’ एवढंच म्हणाला तर त्यांची मनं दुःखाने भरून गेली होती. मग सहा आठवड्यांत असं काय झालं, की तो खरोखर डोळ्यांसमोरून गेला तरी ते गात परतले?

मावशींचा हा प्रश्न मी घरी घेऊन आले. त्याचं उत्तर शोधताना मला वॉर्डातली एक आई आठवली.

आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त पोचत नाही आणि हाडं ठणकू लागतात. थंडी पडली, ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं. तान्ह्या बाळांची तर हातापायांची बोटं सुजून येतात. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा असाच रात्री दाखल झाला होता. मी सलाईनसाठी शीर शोधत होते. पाणी कमी झालेल्या पोराची शीर लवकर सापडत नाही, सापडली तर सुईखालून निसटते. त्याच्या हाताच्या पाठीवर आधीच्या सुयांचे काळे ठिपके होते, एकाशेजारी एक. तो रडत नव्हता. दात घट्ट आवळून छताकडे बघत होता. धडगावकडची त्याची आई पायथ्याशी बसली होती. मी पुटपुटत प्रार्थना करते हे तिने पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “सिस्टर, देवाला कुठे हाडं आहेत? त्याला काय कळणार?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला जे खरं वाटत होतं ते तिने सांगितलं. आणि मला वाटतं, बायबलमध्ये तिच्या प्रश्नाला जितकं सरळ उत्तर आहे तितकं फार थोड्या प्रश्नांना असेल. लूकच्या त्याच चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांमध्ये उभा राहतो. ते घाबरतात, त्यांना भूत वाटतं. तो म्हणतो, माझे हात पाहा, पाय पाहा, मला चाचपून पाहा; आत्म्याला हाडमांस नसतं, मला आहे. मग खायला काही आहे का असं विचारतो आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खातो. योहान सांगतो की थोमाला त्याने हातांतल्या खुणा दाखवल्या, कुशीत हात घालायला सांगितलं. म्हणजे मरणातून उठलेल्या, नव्या झालेल्या शरीरावरही खिळ्यांच्या जखमांच्या खुणा होत्या. आणि बेथानीजवळ वर घेतला गेला तो हाच येशू, ह्याच शरीराने. लूक म्हणतो, हात वर करून तो आशीर्वाद देत होता. शिष्यांनी शेवटचं जे पाहिलं त्यात ते हात होते.

आपल्यातले पुष्कळ जण मनात असं धरून चालतात, की देव तेहतीसेक वर्षं माणूस झाला, काम आटोपलं, मग माणूसपण इथेच ठेवून पुन्हा नुसता देव झाला. कोणी असं शिकवत नाही, पण स्वर्गारोहणावर कोणी काही बोलतच नाही, म्हणून ही समजूत मुरते. मंडळीचा विश्वास पहिल्यापासून वेगळा आहे. सन ४५१ मध्ये खाल्केदोनला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने येशू खरा देव आणि खरा माणूस आहे, आणि ही दोन्ही स्वरूपं त्याच्यात कधीही वेगळी होत नाहीत, असं ठामपणे मांडलं. १५६३ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत एकोणपन्नासावा प्रश्नच असा आहे, की ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा आपल्याला काय लाभ? उत्तरात तीन गोष्टी येतात. तो पित्यासमोर आपला कैवारी आहे. आपलं मांस स्वर्गात आहे आणि आपणही तिथे नेले जाऊ याचा तो विसार आहे. आणि तिथून तो आपल्यासाठी आपला आत्मा पाठवतो. मधली गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले. आपलं मांस स्वर्गात आहे! देवाला हाडं नाहीत असं आता म्हणता येत नाही. त्याच्या उजवीकडे जो बसला आहे त्याला हाडं आहेत, त्याच्या हातांना टोचलेलं आहे, तो एका आईसमोर कळा सोसून मेला आहे.

इब्री लोकांस लिहिलेलं पत्र सबंध ह्या एका गोष्टीवर उभं आहे. जुन्या करारातला महायाजक वर्षातून एकदा पडद्याआड परमपवित्र स्थानात जायचा. निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याच्या पोशाखाचं वर्णन आहे. खांद्यांवर दोन रत्नं, प्रत्येकावर सहा वंशांची नावं कोरलेली; उरावरच्या ऊरपटावर बारा रत्नं, एकेका रत्नावर एकेक नाव. परमपवित्र स्थानात तो एकटाच जायचा, आणि एरवी पवित्र स्थानात सेवेला जाताना सगळ्यांची नावं अशी उरावर घेऊन जायचा. इब्रीचा लेखक म्हणतो, ख्रिस्त हातांनी बांधलेल्या मंदिरात गेला नाही, तो प्रत्यक्ष स्वर्गात गेला, आणि आता आपल्यासाठी देवासमोर उभा आहे. आपल्या दुर्बलतेची त्याला जाणीव आहे, कारण सगळ्या बाबतींत त्याची आपल्यासारखीच परीक्षा झाली. आणि आपल्यासाठी विनंती करायला तो सर्वदा जिवंत आहे.

आमच्याकडे वनहक्काचा दावा असो की जातीचा दाखला, कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसलेला माणूस आधी हेच विचारतो, “आत आपलं कोणी आहे का?” आत आपलं कोणी असलं की त्याच्या जिवात जीव येतो. शिष्य आनंदाने परतले ते याचसाठी, असं मला वाटतं. आत आपला माणूस गेला होता. फक्त इथे वशिल्याची गोष्ट नाही. वशिला लागतो तो साहेबाचं मन आपल्याकडे नसतं म्हणून. इथे ज्याच्याकडे जायचं त्या पित्यानेच आपल्यावर प्रेम करून ह्या पुत्राला पाठवलं, आणि परत बोलावताना आपल्यातला एक म्हणून बोलावलं. त्याने कोणाचा कागद मागे सारून आपला पुढे ढकलायचा नाही. उरावरच्या त्या यादीत धडगावच्या मुलाचंही नाव आहे.

म्हणून यंदा त्या गुरुवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आम्ही थोडेजण आमच्या अंगणात बसणार आहोत. वस्तीतल्या ज्या घरांत सिकलसेलचे रुग्ण आहेत त्यांची नावं एकेक करून घेणार आहोत. लूक वाचायला मावशींना सांगितलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. काही प्रार्थनासभांमध्ये असं शिकवलं जातं, की आजारी असणं म्हणजे विश्वास कमी असणं, आणि गोळ्या घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू असलेल्या मुलांच्या गोळ्या अशा सभेनंतर बंद झालेल्या आणि ती मुलं पुढे कळवळत वॉर्डात आलेली मी पाहिली आहेत. मला याचा संताप येतो. बरं करण्याची प्रार्थना मीही करते, याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे तेल लावून, हात ठेवून करते, आणि देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण स्वर्गात बसलेल्या प्रभूच्या अंगावर व्रण आहेत. प्रकटीकरणात योहान राजासनाजवळ पाहतो तो कोकरा, म्हणजे येशूच, वधल्यासारखा दिसतो. गौरवात गेल्यावरही ज्याने आपल्या खुणा पुसल्या नाहीत, त्याच्या नावाने आपण एखाद्या पोराला त्याच्या दुखण्याची लाज वाटायला लावावी? ज्या शरीराला देवाने आपल्या उजवीकडे जागा दिली, त्या शरीराला वेळेवर पाणी, ऊब आणि औषध देणं हा विश्वासाचाच भाग आहे.

आमच्या तरुणांचा प्रश्न वेगळा असतो. चंद्रयान चंद्रावर उतरलं, मग येशू गेला तो किती उंच, कुठल्या ताऱ्याच्या पलीकडे? मी त्यांना ढगाकडे बघायला सांगते. प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे की ढगाने त्याला त्यांच्या दृष्टिआड केलं. सीनाय डोंगरावर मोशेभोवती ढग होता, निवासमंडपावर ढग उतरला, येशूचं रूपांतर झालं तेव्हाही ढगाने छाया केली. बायबलमध्ये असा ढग आला की देव स्वतः तिथे आला असं समजायचं. प्रवास किती किलोमीटरचा, हे लूक सांगतच नाही. आणि उजवीकडे बसणं म्हणजे एकशे दहाव्या स्तोत्रातलं राज्य करणं. दिमिष्काच्या रस्त्यावर, मंडळीला छळायला निघालेल्या शौलाला हाक आली ती ‘माझ्या लोकांना का छळतोस’ अशी आली नाही, ‘मला का छळतोस’ अशी आली. जो इतका दूर गेला म्हणता, त्याला इथला मार लागत होता.

बेथानीजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर आजही एक छोटी अष्टकोनी वास्तू आहे. आत दगडावर प्रभूच्या पावलाचा ठसा म्हणून दाखवतात, भाविक त्याला हात लावतात. कोणी जाऊन आलं की मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो येतो. मला त्या ठशाचं फारसं अप्रूप वाटत नाही. येशू वर गेल्यावर जवळ येऊन उभ्या राहिलेल्या पांढऱ्या वस्त्रांतल्या त्या दोघांनी शिष्यांना तिथे रेंगाळू दिलं नव्हतं. आकाशाकडे का बघत उभे राहिलात, असं विचारून त्यांना शहरात परत पाठवलं, आणि हाच येशू पुन्हा येणार आहे एवढं सांगितलं.

आता सर्वांत अवघड ते. तो राज्य करतो आहे, त्याला हाडं आहेत, त्याला कळतं, तर त्या मुलाची हाडं अजून का ठणकतात? इब्रीचा लेखक हा प्रश्न टाळत नाही. दुसऱ्या अध्यायात तो कबूल करतो, की सगळं काही त्याच्या अधीन झालेलं आपल्याला अजून दिसत नाही. आणि लगेच म्हणतो, पण येशू आपल्याला दिसतो. ह्या दोन वाक्यांच्या मध्येच आमच्यासारख्यांचं आयुष्य जातं. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की तो येईल तेव्हा आपलं हे दीन शरीर स्वतःच्या गौरवी शरीरासारखं करील. मी ते वचन त्या मुलाला पाठ करायला दिलं आहे. तो आता कॉलेजात जातो, गोळ्या नियमित घेतो, आणि थंडी सुरू झाली की त्याचे गुडघे अजून धरतात. मग त्याचा फोन येतो. मी आधी विचारते, सकाळपासून पाणी किती प्यालास, आणि मग फोनवरच आम्ही दोघं प्रार्थना करतो.