होल्बाइनची लंडनमधील चित्रे

लंडनच्या नॅशनल गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे एकाच चित्रासमोर पुन्हापुन्हा जाऊन उभे राहण्याची चैन येथे सहज परवडते. माझे पाय बहुतेक वेळा सोळाव्या शतकातील जर्मन चित्रकार हान्स होल्बाइनच्या दोन चित्रांकडे वळतात. ‘द अँबॅसेडर्स’ १५३३ चे, तर डेन्मार्कची राजकन्या क्रिस्टिना हिचे चित्र १५३८ चे; दोघांत अंतर अवघ्या पाच वर्षांचे. पण पहिल्यात दोन फ्रेंच पुरुषांभोवती पृथ्वीगोल, वाद्ये, गालिचा आणि तिरकी ताणलेली कवटी अशी दाटी आहे, आणि दुसऱ्यात काळ्या वस्त्रांतली सोळा वर्षांची विधवा कोऱ्या निळसर-हिरव्या भिंतीपुढे एकटी उभी आहे.

आउग्सबुर्गमध्ये जन्मलेल्या होल्बाइनने नाव मिळवले ते स्वित्झर्लंडमधील बासेलमध्ये. तेथे तो चर्चसाठी चित्रे काढी, आणि चर्चमधील चित्रांना विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत नेमकी तीच कामे आटली. विद्वान इरॅस्मसच्या ओळखीवर तो १५२६ मध्ये इंग्लंडमध्ये मुत्सद्दी टॉमस मोरकडे आला, दोन वर्षांनी परतला आणि १५३२ मध्ये पुन्हा इंग्लंडला आला. येथे मागणी होती ती मुख्यतः चेहऱ्यांना: आधी जर्मन व्यापाऱ्यांच्या, मग दरबाऱ्यांच्या, पुढे खुद्द राजा आठव्या हेन्रीच्या.

अशा बड्या मंडळींना चित्रकारापुढे तासन्‌तास बसायला सवड कुठली? क्रिस्टिनाने ब्रसेल्समध्ये त्याला जेमतेम तीन तास दिले. पहिल्या मुक्कामात तो साध्या कागदावर रंगीत खडूंनी मोठी रेखाटने करी. दुसऱ्या मुक्कामात त्याने कागदाला आधीच गुलाबी अस्तर द्यायला सुरुवात केली, म्हणजे त्वचेचा मधला रंग आयताच मिळे आणि डोळे, ओठ, जबड्याची कड एवढ्यावरच हात चालवणे पुरे होई. विंडसरच्या राजसंग्रहातील काही रेखाटनांत कपड्यांवरच मखमल, साटीन, तांबडा अशा जर्मन नोंदी खरडलेल्या आहेत. हा तपशील मॉडेल निघून गेल्यावर रंगवायचा असे. अंतिम चित्र अशा रेखाटनावरून उभे राहू लागले तसे त्यात रेषेचे राज्य आले आणि छाया-प्रकाशाची खोली उणावली, असे मला वाटते. क्रिस्टिनाच्या चित्रात हे उणेपण जाणवत नाही, कारण तिच्या हातांवर नजर खिळते. हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर हिच्या चित्रात मात्र जरीकाम आणि दागिने राणीपेक्षा अधिक बोलतात.

बासेलच्या नगरसभेने १५३८ मध्ये वार्षिक तनखा देऊ करून त्याला परत बोलावले होते. पण त्याच्या हाताला आता जे काम बसले होते, त्याचे गिऱ्हाईक राजदरबारातच होते. १५४३ मध्ये तो लंडनमध्येच वारला.