आमची वाटचाल: १३७ जीबीपाशी घेतलेला धडा

आमच्या ऑफिसच्या कपाटात १६० जीबीची एक जुनी आयडीई (जुन्या प्रकारच्या जोडणीची) हार्ड डिस्क आहे. अजून चालते, पण तिच्यावर आम्ही काहीच साठवत नाही. नवा टेक्निशियन लागला की पहिल्या दिवशी तीच त्याच्या हातात देतो.

सुरुवातीला आम्ही दोघं भागीदारच होतो. पीसी असेंबल करणं, केबल ओढणं, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढणं, मिळेल ते काम करायचो. पहिलं मोठं काम मिळालं ते एका हिशेबनीसांच्या ऑफिसात. त्यांच्या विंडोज २००० सर्व्हरला ही डिस्क जोडली, तर ती १२८ जीबीच दिसायला लागली. डिस्कवाल्याने फसवलं, असंच वाटलं आधी! मग वाचत बसलो. जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एकेका छोट्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांचा. म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे. डिस्कवाले जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या; म्हणून डिस्कवाल्यांच्या हिशेबाने १३७ जीबी, विंडोजच्या हिशेबाने १२८. पुढे एटीए-६ या डिस्क जोडणीच्या नव्या मानकात ४८ बिट आले, पण विंडोज २००० ला ते आपोआप वापरता येत नाहीत. सर्व्हिस पॅक (विंडोजच्या दुरुस्त्यांचा संच) ३ किंवा त्यापुढचा हवा, बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पाठिंबा हवा आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, अटापी या डिस्क ड्रायव्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘इनेबलबिगएलबीए’ नावाची डीवर्ड (आकड्याची) व्हॅल्यू १ करावी लागते. केलं. रीस्टार्टनंतर १४९ जीबी दिसले आणि आम्ही स्वतःला एक्स्पर्ट समजायला लागलो.

वर्षभराने त्याच सर्व्हरची सिस्टीम डिस्क गेली. हाताशी होती ती जुनी सीडी, सर्व्हिस पॅक २ ची. रात्रीत नवी डिस्क घातली, विंडोज टाकलं, डेटाची डिस्क जोडली. सगळे फोल्डर जागच्या जागी. निघालो घरी.

फोल्डर दिसले, हीच गोम होती. पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) १४९ जीबीचं, पण रजिस्ट्री नवी आणि ती व्हॅल्यू जुन्या डिस्कबरोबर गेलेली. २८ बिटांत न मावणारा पत्ता आला की लिखाण भलत्याच जागी पडू शकतं आणि चांगल्या डेटावर चढतं. डिस्क जवळजवळ भरलेली होती, त्यामुळे वेळ लागला नाही. दोन आठवड्यांत फोन आला, “साहेब, खातेवही उघडली की दुसऱ्याच फाइलचा मजकूर येतोय.” रीस्टार्ट केला, तर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम आपणहून चालू झाला आणि उरलंसुरलंही ‘दुरुस्त’ करून बसला. बॅकअप? होता ना, त्याच डिस्कवर!

कागदी व्हाउचरं घेऊन भागीदाराने आणि मी तीन आठवडे रात्री एंट्र्या मारल्या. पैसे अर्थातच मागितले नाहीत. ते गिऱ्हाईक मात्र टिकलं आणि पुढे त्यांच्याच शब्दावर आमची देखभालीच्या कराराची कामं सुरू झाली.

त्यानंतर सर्व्हिस पॅक ४ मिसळलेली सीडी बनवली. सिस्टीमचं पार्टिशन नेहमी १३७ जीबीच्या आत, डेटा वेगळ्या डिस्कवर. पुढे एमबीआरची (पार्टिशनच्या नोंदी ठेवायच्या जुन्या पद्धतीची) ३२ बिटांची हद्द आली, साधारण २.२ टीबीची. तेव्हा मात्र डिस्क जोडायच्या आधीच जीपीटीचा, म्हणजे तिच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा, विषय काढला.

आज माणसं वाढलीत, सर्व्हर बदललेत. चेकलिस्टची पहिली ओळ तेवढी तीच आहे: ओएस टाकताना डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवा, सर्व्हिस पॅक आणि रजिस्ट्री तपासल्यावरच जोडा. परवा नव्या मुलाने विचारलं, “सर, आता कोण वापरतं विंडोज २०००?” केबल मात्र त्याने काढली होती.