चोवीस सप्टेंबर आणि आमचे पत्र्याचे सभागृह

आमच्या शाळेच्या नाट्यमंडळाचे वार्षिक संमेलन पूर्वी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिवशी होत असे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात जानेवारीत नाटक करायचे म्हणजे रिकाम्या सतरंज्यांसमोर करायचे, हे ध्यानात यायला आम्हां शिक्षकांना तीन वर्षे लागली. कारण ज्यांनी ते पाहावे असे वाटते ते आईबाप तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात आणि निम्मी नटमंडळीही त्यांच्यासोबत गेलेली असतात. शेवटी तारीख २४ सप्टेंबरवर आणली. १८७३ साली याच दिवशी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि दसरा झाल्यावर निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्याही त्या सुमारास गावातच असतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेण्याचे दिवसही तेच.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन हे सारे रीतसर होते. प्रमुख पाहुणे शिक्षणाचे महत्त्व सांगतात आणि नाटकाला सुरुवात होण्याआधीच पुढच्या कार्यक्रमाला निघतात. एवढी वर्षे झाली, तरी त्यांच्या त्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की माझा राग काही जात नाही.

सुरुवातीचा प्रवेश बहुतेक वर्षी फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’मधला असतो. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले होते, हे आमची पाचवीतली मुलेसुद्धा सांगतात. भोळ्या शेतकरी जोडप्याला नाडणाऱ्या जोशाचे पितळ विदूषक उघडे पाडत जातो आणि अखेरीस ते दोघे नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. शाळेने नाटक का करावे, असे कोणी विचारले की मी त्याच्या हातात हाच प्रवेश ठेवते.

मी वर्षभर जिची वाट पाहते ती गोष्ट मात्र त्यानंतर घडते. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांनी घडवलेली आणि आपल्याकडे १९८५ साली स्थापन झालेल्या बंगालच्या जन संस्कृती या संस्थेने पुढे खेडोपाडी नेलेली फोरम थिएटरची पद्धत आम्ही एका शिबिरात शिकलो. आमच्या नाटकात आठवीतली एक मुलगी असते. कामाचा हिशेब कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर होत असल्याने तिचे लग्न लावले की आणखी एक कोयता आणि आणखी एक उचल, असा मुकादमाचा हिशेब असतो. आणि मागे एकटी पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा बापाचा घोर असतो. तारीख पक्की झाली की सूत्रधार टाळी वाजवून नाटक थांबवतो आणि समोरच्यांना विचारतो, ‘इथं तुम्ही असता तर काय केलं असतं?’ उत्तर बसल्या जागेवरून द्यायचे नसते; मंचावर येऊन त्या पात्राच्या जागी उभे राहायचे असते. मुकादमाची जागा कोणी घ्यायची नाही, कारण त्याला देवमाणूस केले की प्रश्नच उरत नाही. आणि कोणी चुटकीसरशी सारे सोडवले, तर मुलांनी ‘जादू!’ म्हणून ओरडायचे.

एका वर्षी गावातल्या एका तरुणाने मुलीची जागा घेतली आणि ‘मी १०९८ वर फोन करते’ (हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक) असे ठणकावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात मागून सहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘मोबाइल तर बापाच्या खिशात आहे.’ त्या एका वाक्याने आम्हां शिक्षकांची पुष्कळ वर्षांची झोप उडाली. पुढच्याच आठवड्यात, फोन करता येत नसेल तर निरोप कोणाकडे द्यायचा, हे मुलींनी आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, बोलावून ठरवले.

आणि त्या आजी! नातवाला न्यायला आलेल्या, पदर खोचून थेट मंचावर गेलेल्या. आईच्या जागी त्या बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या. पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि पुढचे काही ऐकू येईल की नाही, अशी मला धास्ती. मग त्या बाप आणि मुकादम यांच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, ‘पोर माझ्यापाशी राहील. तुम्ही दोघं जाऊन या. सहा महिन्यांनी बोलू.’ त्यांनी नकार दिला नाही, सहा महिने मागून घेतले. कोणीही ‘जादू’ म्हणून ओरडले नाही. त्या हंगामात आठवीतल्या दोन मुली आजीकडे राहिल्या. नाटकामुळे राहिल्या, असे मी आजवर कधी म्हटलेले नाही.

हे सारे ज्यांच्या जिवावर होते त्यांचा उल्लेख राहिला, तर मला चैन पडणार नाही: भर पावसात वायर सुकी ठेवणारे लाइटवाले दादा, दोनशे मुलांची खिचडी करणाऱ्या पोषण आहाराच्या मावशी आणि त्यांच्या मदतीला येणारी त्यांची सून, रात्री सभागृहातच झोपणारे शिपाईमामा, सतरंज्या देणारे भजनी मंडळ, जुन्या लुगड्यांचा पडदा शिवून देणाऱ्या शिंपीणकाकू (पहिल्या अहवालात त्यांचा उल्लेख राहून गेला होता, तो अपराध माझाच), आणि मंचाच्या फळ्या दरवर्षी आपल्या ट्रॅक्टरमधून फुकट आणून देणारे गावातले एक मुकादम. फळ्या उतरवून झाल्या की ते न चुकता म्हणतात, ‘बाई, यंदा तरी मुकादमाला एखादं बरं वाक्य द्या की.’ मी देते म्हणते, पण मुले ऐकत नाहीत.