बेंचमध्ये निघालेला बोगदा

नागपूरला मेटलर्जी, मग मध्य प्रदेशातली मलाजखंडची तांब्याची खाण आणि आता सायप्रस. त्रोओदोस डोंगराच्या उत्तर पायथ्याला तांब्याची उघडी खाण आहे, पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेली; या पायऱ्यांना आम्ही बेंच म्हणतो. तिथला प्लांट मी बघतो. फोडलेल्या दगडाच्या ढिगांवर ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, सौम्य गंधकाम्ल सोडायचं, लोह-गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं आणि खाली झिरपणारं निळसर-हिरवं पाणी गोळा करायचं. त्यातलं तांबं आधी रॉकेलसारख्या द्रावकात उचलतो, मग विजेने स्टीलच्या पत्र्यांवर बसवतो. 99.99 टक्के शुद्ध. एवढा सगळा डोलारा बिघडवायला बारीक माती पुरते. ती द्रावक आणि पाणी यांच्या मधोमध सायीसारखी धरते. आम्ही तिला क्रड म्हणतो. ती उपसण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

म्हणून शॉवेलचा, म्हणजे दगड उपसणाऱ्या मशीनचा ऑपरेटर वॉकीटॉकीवर म्हणाला, "फेसमध्ये पोकळी आहे, माती आणि लाकूड दिसतंय," (फेस म्हणजे बेंचची खोदत असलेली उभी भिंत) तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा क्रडच आला.

त्याने कुणालाही न विचारता मशीन बंद केलं होतं. त्याचे आजोबा इथल्या अमेरिकन कंपनीच्या भुयारात कामाला होते. 1974 साली तुर्की सैन्य उतरलं, बेट दुभंगलं आणि त्या कंपनीचा कारभार आटोपला. प्राचीन खाणकामगारांच्या बोगद्यांबद्दल आजोबांकडून ऐकलेलं असल्यामुळे काय लागलंय ते त्याला लगेच कळलं. दिवसाचं टनेज डोक्यावर असताना बकेट थांबवणारा माणूस मी इतर कुठे फारसा पाहिलेला नाही.

सैल दगड पाडून झाल्यावर आम्ही जवळ गेलो. वाकून जेमतेम एक माणूस जाईल एवढाच बोगदा. दोन उभे टेकू, वर आडवं लाकूड, पाइनचं. आडव्या लाकडाला खाच इतकी नेमकी की टेकू सरकायची सोय नाही. आणि बोगदा सरळ नव्हता, धातुकाचा पट्टा वळेल तसा वळलेला. फुकटचा दगड फोडलेलाच नाही. आम्ही ड्रिलिंग करून, मॉडेल बनवून जे शोधतो ते या लोकांनी दिव्याच्या उजेडात, छिन्नीने गाठलं होतं.

छतातून पाणी ठिबकत होतं. एक खिळा घासून लख्ख केला आणि खालच्या डबक्यात धरला. थोड्या वेळात त्यावर तांबडा थर चढला. हे पाणी म्हणजे पातळ मोरचूदच. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला दाखवलं तर तो रंगावरूनच ओळखेल. इ.स. दुसऱ्या शतकात गॅलेन हा वैद्य इथून जवळच, सोलोईच्या खाणीत उतरला होता. आत हवा कोंदट, कामकरी उघड्या अंगाने या हिरव्या पाण्याचे घडे घेऊन धावत बाहेर येतात आणि पाणी हौदांत ओतून त्याचा मोरचूद करतात, असं त्याने लिहून ठेवलंय. आमच्या ब्रोशरमध्ये मात्र दगडातून पाण्यावाटे तांबं काढणं हे 'आधुनिक तंत्रज्ञान' आहे.

पुरातत्त्व खात्याच्या बाई निकोसियाहून निघाल्या होत्या. त्या येईपर्यंत शिफ्ट मॅनेजरला धीर निघाला नाही. 'जागा मोकळी करा' म्हणून त्याने दोन टेकू ओढून बाहेर काढायला लावले आणि ते उन्हात ठेवले. ओल्यात मुरलेलं लाकूड झपाट्याने वाळलं की आकसतं, हे मी त्याला सांगितलं. "दोन हजार वर्षं टिकलंय, दोन तासांत काय होणार?" असं म्हणून तो निघून गेला. मी प्लांटवरून ओली पोती आणवली, पण ती येईस्तोवर एका टेकूला लांबीभर भेग गेली होती. बारीक चर्र आवाज येत होता आणि भेगेत हिरवे स्फटिक चमकत होते.

बाईंनी आल्याआल्या आधी दोन्ही लाकडं ओल्या पोत्यांत आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. त्यांना याची सवय असावी. मोजमापं, फोटो, नमुने झाले आणि तो फेस पुन्हा सुरू झाला. बोगदा अर्थातच गेला. धातुक त्याच्याच भोवती होतं, त्यामुळे तो जाणं मला मान्य आहे. त्या टेकूचं मात्र अजून पचत नाही.

शिफ्ट रिपोर्टमध्ये त्या दिवसापुढे 'उत्पादन खोळंबा: पुरातत्त्व' एवढंच लिहिलंय. नंतरच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं की बेंचजवळ गोड्या पाण्याचा टँकर आणि पोती कायम ठेवावीत. बजेटमध्ये बसत नाही, असं उत्तर आलं. टँकरचं समजू शकतो. पोत्यांना कसलं बजेट लागतं ते विचारलं, तर विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.